थंडीतली केळी, कांद्याची पेशी आणि संगणक: तीन शाखा मिळून एक संशोधन कसे उभारावे

डिसेंबर-जानेवारीत रावेर-यावलच्या पट्ट्यात पारा दहा अंशांच्या आसपास उतरू लागला की केळीची वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात आणि शेतकरी बागेला ‘चरका’ लागल्याचे सांगतात. या थंडीत पानातल्या एकेका पेशीत नेमके काय मंदावते, हा प्रश्न वरवर पाहता वनस्पतिशास्त्राचा आहे. पण ‘मंदावते’ या शब्दाला आकडा जोडायचा म्हटले की तो पदार्थविज्ञानाचा होतो, आणि तो आकडा शेकडो चित्रफितींतून काढायचा म्हटले की संगणकाचा. जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवताना, वनस्पतिशास्त्र विभागातील सहकारी मॅडम आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी यांच्याबरोबर पदवी वर्गाकडून असे काम करून घेताना जे उमगले, ते येथे मांडले आहे. यासाठी लागणारी उपकरणे बहुतेक महाविद्यालयांत आधीपासून असतात. फक्त ती तीन वेगवेगळ्या कपाटांत असतात आणि त्या तीन कपाटांच्या किल्ल्या तीन वेगवेगळ्या माणसांकडे असतात.

आधी प्रश्न, मग शाखा

‘आपण आंतरशाखीय काहीतरी करू’ असे म्हणून सुरू झालेले प्रकल्प सहसा तीन शाखांची ओळख करून देणाऱ्या वीस पानांवर संपतात. त्याऐवजी असा एक प्रश्न शोधावा, की ज्याचे उत्तर एखाद्या संख्येत येईल आणि ती संख्या मोठी आली काय किंवा लहान आली काय, दोन्ही वेळा काही तरी कळेल. आमचा प्रश्न असा होता: तापमान ३० अंशांवरून १० अंशांवर आले, तर पेशीतील वाहतूक किती पटीने मंदावते, आणि तेवढी मंदगती केवळ द्रव दाट झाल्याने येते का?

ही वाहतूक म्हणजे पेशीद्रवाचा प्रवाह. तो प्रथम १७७४ साली बोनाव्हेंतुरा कोर्ती या इटालियन निरीक्षकाने पाण्यातील कारा या वनस्पतीत पाहिला. ॲक्टिन नावाच्या प्रथिनांच्या तंतूंवरून मायोसिन ही मोटर-प्रथिने एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूच्या बळावर चालत जातात, आपल्याबरोबर कण ओढून नेतात आणि त्यांच्यामागे सारा द्रव सरकतो. वनस्पतीला याची गरज का पडते, हे फळ्यावर एक गणित मांडले की विद्यार्थ्यांना चटकन पटते. कांद्याच्या सालीतील पेशी साधारण ३०० मायक्रोमीटर लांब असते. एक मायक्रोमीटर व्यासाचा कण केवळ विसरणावर, म्हणजे आपोआप इकडेतिकडे पसरण्यावर सोडला, तर पाण्यात त्याचा विसरण गुणांक सेकंदाला सुमारे ०.५ चौरस मायक्रोमीटर असतो. अंतराच्या वर्गाला या गुणांकाच्या दुपटीने भागले, तर पेशीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला ९०,००० सेकंद, म्हणजे २५ तास लागतात. तोच कण सेकंदाला ३ मायक्रोमीटर वेगाने वाहून नेला, तर १०० सेकंदांत पोहोचतो. पेशीद्रव पाण्याहून दाट असल्याने प्रत्यक्षातला फरक याहूनही मोठा असतो.

आता थंडीकडे येऊ. पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, ३० अंशांना सुमारे ०.८० आणि १० अंशांना सुमारे १.३१ मिलिपास्कल-सेकंद असते. म्हणजे पाणी सुमारे १.६ पट दाट होते. उलट, रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांमागे साधारण दोन ते तीन पटीने बदलतो, हा जीवशास्त्रातला परिचित अंदाज आहे. वीस अंशांच्या फरकात तो चार ते नऊ पट होतो. १.६ आणि चार यांतले अंतर एवढे मोठे आहे, की महाविद्यालयातल्या साध्या सूक्ष्मदर्शकावरही ते ओळखता यावे. प्रश्न निवडताना हीच कसोटी लावावी: अपेक्षित उत्तरांमधला फरक आपल्या उपकरणाच्या चुकीपेक्षा मोठा आहे ना?

थेट केळीवर काम सुरू करू नये. केळीचे पान जाड असते आणि त्यातून एका थराची पारदर्शक साल काढणे नवशिक्याला जमत नाही. थंडी सोसणारी वनस्पती म्हणून कांदा आणि थंडी न सोसणारी म्हणून टोमॅटो घ्यावा. टोमॅटोच्या कोवळ्या देठावरील लव सूक्ष्मदर्शकाखाली जशीच्या तशी दिसते, तिला कापावेही लागत नाही. टोमॅटोसारख्या वनस्पतींत दहा-बारा अंशांच्या सुमारास हा प्रवाह जवळजवळ थांबतो, हे जुन्या निरीक्षणांतून ठाऊक आहे. त्यामुळे आपली पद्धत बरोबर आहे की नाही, हे ताडून पाहण्याची आयती सोय होते.

एकच शब्द, तीन अर्थ

पहिल्या बैठकीत एक वही घेऊन शब्दांचे अर्थ लिहून काढावेत. ‘मॉडेल’ म्हटले की मी समीकरण समजत होतो, मॅडम फळमाशीसारखा प्रयोगासाठी निवडलेला जीव समजत होत्या, आणि विद्यार्थी माहितीवर शिकवलेला प्रोग्राम समजत होते. ‘व्हेक्टर’, ‘प्लाझ्मा’, ‘कल्चर’ यांचेही तेच. ‘सेल’ हा शब्द तर पेशी, बॅटरी आणि स्प्रेडशीटमधला चौकोन अशा तिन्ही ठिकाणी असतो. निदान या एका बाबतीत मराठी सोयीची पडते, कारण ‘पेशी’ म्हटल्यावर कोणालाही बॅटरी आठवत नाही.

स्लाइड आणि मोबाइल

चाळीस पट ऑब्जेक्टिव्ह असलेला साधा सूक्ष्मदर्शक, एलईडी दिवा, मोबाइल धरून ठेवणारा अडॅप्टर, दशांश अंश दाखवणारा अंकीय तापमापक आणि स्टेज मायक्रोमीटर (बारीक मोजपट्टी कोरलेली काचपट्टी) एवढे साहित्य पुरते. जुन्या हॅलोजन दिव्याचा सूक्ष्मदर्शक टाळावा, कारण त्याची उष्णता स्लाइडला काही अंशांनी तापवते आणि मग आपण लिहिलेले तापमान खोलीचे असते, पेशीचे नव्हे.

कांद्याच्या आतल्या पदरावरची, पोकळ बाजूची पातळ साल चिमट्याने अलगद ओढावी, पाण्याच्या थेंबात पसरावी आणि हवेचा बुडबुडा न अडकवता तिच्यावर कव्हरस्लिप ठेवावी. साल ओढल्याचा धक्का पेशीला बसतो आणि प्रवाह काही काळ अडखळतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटे थांबूनच पाहायला सुरुवात करावी. रंगद्रव्य टाकू नये. आयोडीन टाकले तर केंद्रक छान दिसते, पण पेशी मरते. कंडेन्सरखालची झडप बरीच मिटून घेतली की पेशीद्रवातील बारीक कण उठून दिसतात. पेशीच्या कडेने आणि मधल्या पोकळीला ओलांडणाऱ्या बारीक धाग्यांतून ते मुंग्यांच्या रांगेसारखे चालताना दिसले, की स्लाइड जमली असे समजावे.

कव्हरस्लिपच्या चारही कडांना व्हॅसलीन लावून स्लाइड बंद करणे खानदेशात सक्तीचे मानावे. यामागे माझीच एक फजिती आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी, बाहेर ४३ अंश असताना, पाण्यात मिसळलेल्या दुधाच्या थेंबाची चित्रफीत आम्ही कडा न लावताच घेतली. दुधातले स्निग्ध कण एका लयीत प्रवास करत आहेत असा निष्कर्ष आलेखावरून निघाला आणि त्याचे कारण शोधण्यात मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी अमळनेरकडचा एक विद्यार्थी आयपीसला डोळा लावून म्हणाला, “सर, हाई तं सम्दं एकच आंगे चाली राह्यनं.” सारेच एका बाजूला चालले होते, कारण कव्हरस्लिपच्या कडेने पाणी उडत होते आणि उरलेला द्रव तिकडे ओढला जात होता. आकडेमोडीपूर्वी डोळ्यांनी नीट पाहायचे, हा नियम त्या दिवसापासून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

मोबाइलच्या बाबतीत फोकस आणि प्रकाशमान कुलूपबंद करावेत, आणि चित्र स्थिर करणारी सोय आवर्जून बंद करावी. ही सोय प्रत्येक फ्रेम आपल्या मर्जीने थोडी सरकवते आणि ती सरक पेशीच्या खात्यावर जमा होते. फ्रेमचा दर सेकंदाला ३० असे मोबाइल सांगतो, पण तो कमी-जास्त होत असतो. म्हणून त्याच सेटिंगवर एकदा स्टॉपवॉचची चित्रफीत घेऊन फ्रेम मोजून पाहाव्यात. चित्रफिती पेनड्राइव्हने किंवा केबलने संगणकावर घ्याव्यात, कारण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेली चित्रफीत दाबली जाते आणि बारीक कण त्यातच हरवतात.

शेवटी, दर बैठकीत त्याच झूमवर स्टेज मायक्रोमीटरचे एक चित्र घ्यावे. समजा १०० मायक्रोमीटरच्या अंतरात ४८० पिक्सेल आले, तर एक पिक्सेल म्हणजे ०.२०८ मायक्रोमीटर. झूम बोटाने जरा हलला तरी हा आकडा बदलतो.

आधी दूध, मग कांदा

पेशीला हात घालण्यापूर्वी, ज्याचे उत्तर ठाऊक आहे अशा गोष्टीवर आपली सारी पद्धत तपासून घ्यावी. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ साली परागकणांतील सूक्ष्म कणांची जी अखंड थरथर पाहिली, तिचे गणित आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडले आणि झाँ पेराँ यांनी ते प्रयोगाने पडताळले. त्या कामासाठी पेराँ यांना १९२६ चे नोबेल मिळाले. आपल्याला तेवढे नको. पिशवीतले होमोजिनाइज्ड दूध पाण्यात इतके पातळ करावे की पाणी जेमतेम गढूळ दिसेल, आणि त्यातील एका मायक्रोमीटरच्या आसपासचे स्निग्ध कण पाहावेत. सगळे कण सारख्या आकाराचे नसल्याने उत्तर अंदाजेच येईल. ज्ञात व्यासाचे पॉलिस्टायरिन मणी कुठून थोडे मिळाले तर उत्तम.

येथे तापमानाची नोंद किती महत्त्वाची आहे, ते पाहावे. एक मायक्रोमीटर व्यासाच्या कणाचा पाण्यातील विसरण गुणांक १० अंशांना सुमारे ०.३२, तर ४५ अंशांना सुमारे ०.७८ चौरस मायक्रोमीटर प्रतिसेकंद येतो. म्हणजे भुसावळच्या मे महिन्यात आणि धुळ्याच्या जानेवारीत केलेला एकच प्रयोग जवळजवळ अडीच पट वेगळे उत्तर देईल, आणि वातानुकूलित प्रयोगशाळेसाठी लिहिलेल्या पुस्तकात याचा उल्लेखही नसेल.

आता या प्रकरणातला सर्वांत मोठा सापळा. विद्यार्थी दर दोन फ्रेममधले अंतर वेळेने भागून ‘वेग’ काढतात. थरथरणाऱ्या कणाला असा वेग नसतोच. विसरण गुणांक ०.५ धरला, तर सेकंदाला ३० फ्रेमवर हा ‘वेग’ सुमारे ७.७ मायक्रोमीटर प्रतिसेकंद येतो, आणि त्याच चित्रफितीतील दर सहावी फ्रेम घेतली तर ३.२ च्या आसपास येतो. कण तोच, दूध तेच, उत्तरे मात्र दोन. शिवाय पहिल्या उत्तरानुसार निर्जीव दूध जिवंत कांद्याहून चपळ ठरते.

म्हणून वेगाऐवजी विस्थापनाचा वर्ग मोजावा. एखाद्या कालांतरात कण जेवढा सरकला त्याचा वर्ग घ्यावा, सर्व कणांची सरासरी काढावी आणि कालांतर वाढवत जाऊन ती सरासरी कशी वाढते ते पाहावे. वेळ दुप्पट केल्यावर सरासरी दुप्पट झाली, तर ती थरथर आहे. चौपट झाली, तर कण एका दिशेने वाहतो आहे. दोन्ही अक्ष लॉगरिदमचे घेतले की पहिल्या बाबतीत रेषेचा उतार १ येतो आणि दुसऱ्या बाबतीत २. पेशीत दोन्ही गती एकत्र असतात: कमी वेळात थरथर वरचढ ठरते, जास्त वेळात प्रवाह. ज्या वेळेला त्या तुल्यबळ होतात, ती वेळ म्हणजे विसरण गुणांकाच्या चौपटीला वेगाच्या वर्गाने भागून येणारी संख्या. गुणांक ०.५ आणि वेग ३ असेल, तर ती ०.२२ सेकंद येते. पेशीद्रवात गुणांक दहा पट कमी झाला, तर ०.०२२ सेकंद. तीस फ्रेमच्या मोबाइलची एक फ्रेम ०.०३३ सेकंदांची असते, तेव्हा दुसऱ्या स्थितीत थरथरीचा टप्पा कॅमेऱ्याला दिसणारच नाही. उपकरण काय दाखवू शकत नाही, हे असे कागदावर आधी ठरवून ठेवले की नंतरचे वाद टळतात.

संगणकाकडून काय करून घ्यावे

कण शोधून त्यांचा माग काढण्यासाठी फिजी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ते इमेजजे या, १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रॅसबँड यांनी तयार केलेल्या प्रोग्रामवर उभे आहे आणि त्यात ट्रॅकमेट नावाचे साधन आयते मिळते. पायथन येणाऱ्यांनी ट्रॅकपाय वापरावे. मशीन लर्निंगची घाई करू नये. बारा चित्रफितींच्या बळावर शिकवलेले न्यूरल नेटवर्क बहुधा आपल्या स्लाइडवरची धूळच पाठ करते.

त्यापेक्षा संगणकाच्या विद्यार्थ्याला पहिले काम हे द्यावे: खोटी चित्रफीत तयार करणे. विसरण गुणांक ०.५ मानून दर फ्रेमला प्रत्येक अक्षावर सरासरी शून्य आणि प्रमाण विचलन ०.१८ मायक्रोमीटर असलेली यादृच्छिक उडी द्यावी, प्रत्येक कणाचा खऱ्यासारखा धूसर ठिपका करावा, थोडा गोंगाट मिसळावा आणि ही चित्रफीत त्याच प्रोग्राममधून काढावी. आपण घातलेला ०.५ परत आला, तरच प्रोग्रामवर विश्वास ठेवावा. ही उडी आपल्या एका पिक्सेलपेक्षाही लहान आहे, याकडे लक्ष वेधावे. ठिपक्याचा मध्य पिक्सेलच्या अपूर्णांकापर्यंत काढणारी पद्धत का लागते, हे त्यावरून कळते. ठिपक्याचा मध्य शोधण्यातली चूक विस्थापनाच्या वर्गात एक स्थिर भर घालते आणि आलेखाचा सुरुवातीचा भाग उगाच वर उचलते. ती भर किती, हे काचेला चिकटून बसलेल्या कणावरून मोजता येते. असा एखादा कण प्रत्येक स्लाइडवर सापडतोच, आणि एरवी नकोसा वाटणारा तो आळशी कणच येथे सर्वांत उपयोगी पडतो.

दुधाच्या चित्रफितीत सर्व कणांची सामायिक सरक वजा करावी. पेशीत मात्र असे करू नये, कारण तेथे सामायिक सरक म्हणजेच आपल्याला हवा असलेला प्रवाह असू शकतो. तेथे पेशीभित्तिकेवरचा एखादा स्थिर ठिपका संदर्भ म्हणून घ्यावा. कालांतराच्या अक्षावर एकूण लांबीच्या पहिल्या चतुर्थांशापलीकडे वाचू नये, कारण पुढे सरासरीला माणसेच उरत नाहीत, म्हणजे नोंदी फार थोड्या राहतात. मूळ चित्रफिती एका फोल्डरमध्ये हात न लावता ठेवाव्यात, आणि कोडचा प्रत्येक बदल गिटमध्ये नोंदवावा.

किती मोजले म्हणजे पुरे

या मुद्द्यावर पदार्थविज्ञानाची माणसे हमखास चुकतात, आणि मीही चुकलो होतो. एका पेशीतील दोनशे कणांचा माग काढला, म्हणून नमुन्यांची संख्या दोनशे होत नाही. ती एकच पेशी आहे, आणि एका सालीतील दहा पेशी म्हणजेही एकच कांदा. मॅडमनी पहिल्याच मसुद्यावर ‘कांदे किती?’ एवढेच लिहून तो परत केला होता. किमान सहा-आठ वेगवेगळे कांदे, प्रत्येकाच्या चार-पाच पेशी, आणि सरासरी कांदावार, असे करावे. कोणती चित्रफीत थंडीतली आहे, हे माग काढणाऱ्याला माहीत नसावे. फाइलींची नावे दुसऱ्याने बदलून द्यावीत.

तुलनेसाठी मेलेली पेशीही हवी. सालीचा तुकडा गरम पाण्यात, ७० अंशांच्या आसपास, काही मिनिटे ठेवला की प्रवाह कायमचा थांबतो. त्यानंतरही जे हलताना दिसते ती केवळ थरथर. सोडियम अझाइडसारखी विषे पदवीच्या वर्गात वापरू नयेत, गरम पाण्याने तेच काम होते. थंडीसाठी महागडे उपकरण नको. जानेवारीत पहाटे सहाला खिडक्या उघड्या ठेवलेली प्रयोगशाळा स्वतःच शीतपेटी असते. दिवस चढेल तसे तापमान वाढत जाते आणि दर दोन अंशांना एक चित्रफीत घेता येते. बर्फावर ठेवलेल्या स्टीलच्या पट्टीवर स्लाइड थंड केली तर चालते, पण काचेवर दव धरते आणि प्रतिमा धूसर होते.

वाचन, सहकार्य, नावे

तिन्ही शाखांचे संशोधन वेगवेगळ्या ठिकाणी प्रसिद्ध होते: पदार्थविज्ञानाचे १९९१ पासून चालू असलेल्या आर्काइव्ह (arXiv) या निबंधांच्या मोफत संकेतस्थळावर, जीवशास्त्राचे पबमेड या निबंधसूचीत आणि २०१३ पासून बायोआर्काइव्हवर, तर संगणकशास्त्राचे बरेचसे काम परिषदांच्या निबंधांत. भारतीय प्रबंध शोधगंगावर मोफत मिळतात. जीवशास्त्राच्या निबंधात शेवटचे नाव बहुधा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असते, हे ठाऊक नसेल तर आपण चुकीच्या माणसाला पत्र लिहितो. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात भौतिक, जैव आणि संगणक या तिन्ही शास्त्रांच्या प्रशाळा एकाच आवारात आहेत. तेथे जाताना मोघम मदत न मागता, एक चित्रफीत, एक आलेख आणि एक नेमकी अडचण घेऊन जावे. राज्यातील विद्यापीठांच्या आविष्कार या संशोधन स्पर्धेत गट विषयानुसार असतात, तेव्हा कोणत्या गटात उतरायचे आणि निबंधावर नावे कोणत्या क्रमाने घालायची, हे काम सुरू होण्यापूर्वीच तिघांनी वहीत लिहून सही करावी. मैत्री टिकवण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

उत्तर कसे वाचावे

सर्व मोजमाप झाल्यावर ३० अंशांवरचा प्रवाहाचा वेग १० अंशांवरच्या वेगाने भागावा. हे गुणोत्तर दीडच्या आसपास आले, तर मंदगतीचा दोष बहुतांशी दाट झालेल्या द्रवाकडे जातो. चार ते नऊच्या दरम्यान आले, तर मोटर-प्रथिनांची रासायनिक गती मंदावली, असे म्हणायला आधार मिळतो. कांद्यात गुणोत्तर मर्यादित राहिले आणि टोमॅटोच्या लवेत एका ठरावीक अंशाला वेग एकदम कोसळला, तर ही दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी आहेत, कारण श्यानता आणि रासायनिक वेग हे दोन्ही सावकाश बदलतात, असे एकाएकी तुटत नाहीत. अशा वेळी आलेखावर ते तापमान खुणेने दाखवावे, त्याच्या वरखाली एकेका अंशाच्या अंतराने नव्याने चित्रफिती घ्याव्यात, आणि मग केळीच्या टिश्यूकल्चर रोपांची कोवळी मुळे मागवून त्यांच्या मूलरोमांवर हाच प्रयोग लावावा.